चाळिसाव्या पानावर थोरला मरतो

धाकट्या मास्तरांनी कादंबरीच्या वर्गात नाव घातलं, ही बातमी त्यांच्या बायकोला एका गिऱ्हाइकाकडून कळली. ती दुकानात बटणं लावत बसली होती. गिऱ्हाईक पँटची कंबर सैल करून घ्यायला आलेलं, जाता जाता म्हणालं, मास्तर आता लेखक होणार म्हणे. बायकोने हातातलं काम थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मशीनला तेल घालत होता, आणि इतकं मन लावून घालत होता की त्या मशीनला जन्मात एवढं तेल मिळालं नसेल.

आता हे धाकटे मास्तर म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला होता. तसं काही नव्हतं. पन्नाशी उलटलेला, गळ्यात टेप अडकवून फिरणारा सरळ शिंपी. धंदा ऑल्टरेशनचा. नवे कपडे शिवत नसत. आखूड करायचं, लांब करायचं, आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, एवढंच. गिऱ्हाइकाने आरशासमोर उभं राहून वाट्टेल ते सांगावं आणि मास्तरांनी मान डोलवावी. एका जोडप्यात नवऱ्याच्या कोटावरून वाद होता. नवरा सकाळी येऊन कोट लांब करायला सांगायचा, बायको संध्याकाळी येऊन आखूड करायला सांगायची. मास्तरांनी दोघांचंही ऐकलं. तो कोट शेवटी अंगात कमी आणि मास्तरांच्या मशीनवर जास्त राहिला.

दुकान वडिलांचं, जिन्याखालचं. त्याच्या मधोमध प्लायवुडची भिंत, आणि भिंतीपलीकडे थोरले मास्तर. सख्खा भाऊ. थोरले फक्त नवं शिवत. सूट, कोट, सगळं कडक. दोघे आधी एकत्रच बसायचे. मग एका बाईच्या जुन्या कोटावरून बिनसलं. कोट धाकट्यांकडे दुरुस्तीला आला होता. थोरले म्हणाले, ह्यात आता काही राम नाही, नवा शिवून घे म्हणावं. धाकटे म्हणाले, तिला हाच हवाय. शब्दाने शब्द वाढला, आणि थोरले चार गिऱ्हाइकांदेखत बोलून गेले, "तुला नवीन काही करता येत नाही. जन्मभर लोकांचं उसवत बसशील." धाकटे उठले. गेले आणि सुतार घेऊन आले.

तेव्हापासून अबोला. सुताराने भिंत अशी घातली की दोन्हीकडच्या दिव्यांचं बटण थोरल्यांकडे गेलं आणि दोन्हीकडच्या पंख्यांचं धाकट्यांकडे राहिलं. इतक्या वर्षांत धाकट्यांना अंधारात बसावं लागलं नाही आणि थोरल्यांना घाम आला नाही, पण ह्याबद्दल कुणी कुणाला चकार शब्द विचारला नाही. बायकांचं मात्र छान चाललं होतं. दोघी जावा रोज दुपारी एकत्र बसायच्या आणि नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या.

थोरल्यांना दुसरा नाद वाचनाचा. वाचनालयातून कादंबऱ्या आणून फडशा पाडायचे आणि परत करताना शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक शब्द लिहायचे. बहुतेकांच्या वाट्याला 'पसरट' यायचं. एकदा एका जाडजूड पुस्तकावर 'बरं' लिहिलेलं त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पाहिलं, तेव्हा त्यांनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

तर धाकट्यांच्या डोक्यात काय होतं, ते आता सरळ आहे. तुला नवीन करता येत नाही म्हणालास ना? मग घे. दोन भावांची, एका दुकानाची कादंबरी, स्वतः लिहिलेली, छापलेली, वाचनालयाचा शिक्का मारलेली. ती थोरल्याच्या हातात पडावी, त्याने ती वाचावी आणि भिंतीच्या ह्या बाजूला यावं. पैसा नको, नाव नको. भाऊ यायला हवा होता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण ती काय दूधखुळी होती?

वर्ग तीन महिन्यांचा, रोज संध्याकाळी. 'तीन महिन्यांत कादंबरी पूर्ण, थेट प्रकाशकांची भेट' अशी जाहिरात होती. जागा म्हणजे शाळकरी मुलांच्या शिकवणीची खोली. बाकं इतकी लहान की बसलं की गुडघे छातीला लागायचे, आणि फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट सुटलेलं गणित. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कायदे सांगितले. कादंबरी हाताने लिहायची. रोज वाचून दाखवायची. इतर बोलत असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही, फक्त ऐकायचं. बाकीच्यांना घाम फुटला. मास्तरांना वाटलं, अरे, हे तर आपलं रोजचंच काम.

आणि एक खास कायदा होता. आपल्यावर माया करणारी माणसं आपल्या लिखाणाबद्दल खोटं बोलतात, असं बाईंचं ठाम मत होतं. म्हणून प्रत्येकाने पहिल्या दिवशीच एका 'वैरी वाचका'चं नाव आणि पत्ता द्यायचा. ज्याला तुमचं तोंड बघवत नाही, असा माणूस. कादंबरी पुरी झाली की वर्गाकडूनच ती त्याच्याकडे परस्पर जाणार, आणि त्याचा अभिप्राय आल्याशिवाय प्रकाशकाची भेट नाही. वर्गात एक दंतवैद्य होता, त्याने रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या दंतवैद्याचं नाव दिलं. भूगोलाच्या निवृत्त बाईंनी सुनेचं दिलं. विमावाल्याची वेगळीच पंचाईत, त्याच्याकडे इतकी नावं होती की कुणाकुणाला वगळायचं ते त्याला समजेना. मास्तरांना मात्र आकाश ठेंगणं झालं. छापून यायची वाट बघायलाच नको. वर्गाच्या ऑफिसचा शिक्का असलेलं पाकीट सही घेऊन दारात आलं तर थोरला ते घेईल, आणि एकदा पान उघडलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्यांनी झोकात भावाचं नाव लिहिलं.

कादंबरी त्यांनी भराभर लिहिली, कारण ती आतून तयारच होती. लहानपणी थोरल्याच्या सुईत दोरा ओवून देणारा धाकटा, वडिलांच्या हातचा मार चुकवायला दोघांनी एका कपाटात काढलेली दुपार, पहिला कोट शिवल्यावर थोरल्याने तो आधी धाकट्याला घालून बघितला, बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या, असलं सगळं. मग ते वर्गात वाचायला लागले, आणि गिऱ्हाइकं आरशासमोर उभी राहिली.

विमावाला म्हणाला, छान आहे, पण कुणी मरत नाही. चाळिसाव्या पानाच्या आत माणूस गेला पाहिजे, नाहीतर वाचक पुस्तक खाली ठेवतो. कोण मरणार? थोरला भाऊच, दुसरं आहे कोण. दंतवैद्य म्हणाला, मरण आलं ते ठीक, पण वेदना कुठे आहे? माणूस असा पटकन जात नाही. दाढ किडल्यापासून सुरुवात करा, दुर्लक्ष करू द्या, मग बघा कशी रंगते. भूगोलाच्या बाईंना परिसर दिसत नव्हता. जिन्याखालचं दुकान म्हणजे काय परिसर झाला? ना डोंगर, ना खाडी. त्यांनी दुकान उचलून एका बेटावर, दीपगृहाच्या पायथ्याशी नेऊन ठेवायला सांगितलं. आणि मुख्य बाईंनी सुचवलं की मरणाचा संशय धाकट्या भावावर यायला हवा.

मास्तरांनी सगळ्यांचं ऐकलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. महिन्याभरात कादंबरी अशी झाली: समुद्रातल्या एका बेटावर दोन भाऊ शिंपीकाम करतात, थोरला दाढेकडे दुर्लक्ष करतो आणि वादळी लाटांच्या आवाजात चाळिसाव्या पानावर तडफडून मरतो. उरलेली साडेतीनशे पानं धाकटा दीपगृहाभोवती पोलिसांना चुकवत फिरतो.

बायकोने एकदा विचारलं, बेटावर दीपगृहवाल्याशिवाय कुणी राहत नाही, तर हे दोघे कपडे कुणाचे शिवतात? मास्तर म्हणाले, वर्गाला तसं हवंय. मग तुम्हाला काय हवं होतं, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांना अचानक इस्त्री तापलीय की नाही ते बघायचं सुचलं.

पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. बाई म्हणायच्या, जुनं कापा, फेका. ऑल्टरेशनवाला कधी कापत नाही. आज बारीक झालेला माणूस उद्या सुटतो, तेव्हा आत कापड लागतं. मास्तरांनी जुनी पानं आतल्या बाजूला दुमडली, त्यांच्यावर नवं पान ठेवलं आणि कडेने पांढऱ्या दोऱ्याने कच्ची शिलाई घातली. वाचणाऱ्याला वरचंच दिसावं, पण धागा ओढला की खालचं जसंच्या तसं. गठ्ठा इतका फुगला की वर्गात जाताना तो बाळासारखा दोन्ही हातांत धरून न्यावा लागे. बाईंनी शिलाई पाहून भुवया वर केल्या आणि नीटनेटकेपणाबद्दल शाबासकी दिली.

ही सगळी उठाठेव चालू असताना पहिल्या दिवशी लिहून दिलेलं नाव ते साफ विसरले होते, हे सांगायला नकोच. सांगोपांग विचार करणारा माणूस असता तर ऑल्टरेशनच्या धंद्यात पडलाच नसता.

एका संध्याकाळी बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, काल तपासायला ठेवून घेतलेल्या सगळ्यांच्या कादंबऱ्या दुपारी वैरी वाचकांकडे रवाना झाल्या. दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या भावाला भिंतीच्या ह्या बाजूला बोलवायला ही कादंबरी लिहिली, त्याच्याच हातात त्याची दाढ किडवून त्याला मारल्याचं सविस्तर वर्णन गेलं होतं, तेही ह्यांच्याच अक्षरात. ते बाकावरून उठायला गेले तर गुडघा अडकला. सोडवून धावत दुकानी पोचले. पलीकडचा दिवा चालू होता. पडद्याच्या फटीतून दिसलं, थोरले चष्मा पुसत होते आणि समोर गठ्ठा उघडलेला होता. आत जाऊन काय सांगणार? आणि सांगायला तोंड उघडायचं म्हणजे अबोला आपणच मोडायचा. मास्तर घरी आले आणि जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पलीकडची मशीन चाललीच नाही. थोरल्यांची मशीन बंद म्हणजे आजार किंवा वाचन. दुपारी वहिनी आल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांनी विचारलं की भावोजी, तुम्ही काय पाठवलंय? हे सकाळपासून दाढेवरून जीभ फिरवत बसलेत. मधेच आरशात तोंड उघडून बघतात. मला म्हणाले, डावीकडची जरा ठणकतेय. मास्तरांच्या बायकोला हसू आवरेना, ती पदर तोंडात कोंबून मागच्या बाजूला गेली. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

त्याच्या पुढच्या दिवशी वहिनी पुन्हा आल्या आणि सांगून गेल्या, की आता वाचत नाहीयेत, कात्रीचं टोक घेऊन एकेक धागा काढत बसलेत. कच्ची शिलाई दिसली की थोरल्यांचा हात वळवळतो, हे धाकट्यांना ठाऊक होतं. चांगल्या शिंप्याला ती तशी ठेवून उठवत नाही. त्यांना धीर आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. वरचं वाचून भाऊ रागावला असता तर सांगता आलं असतं, ते माझं नाही. आतलं वाचूनही तो म्हणाला 'पसरट', तर मग सांगायला काय उरलं?

कादंबरीचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून मोकळं होऊ. बाईंनी वरची आणि आतली, दोन्ही कादंबऱ्या प्रकाशकाला दाखवल्या. त्याला बेटावरची आवडली, चाळिसावं पान तर फारच. मास्तर त्याला नाही म्हणाले, आणि आयुष्यात पहिलंच गिऱ्हाईक परत पाठवल्यामुळे दिवसभर त्यांच्या हातून एकही टाका सरळ पडला नाही. आतली कादंबरी प्रकाशकाच्या टेबलावर आहे. बघू म्हणालाय. प्रकाशक बघू म्हणतात म्हणजे काय, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पण थोरले आले ते ह्याच्या आधी, धागे काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना. काखेत गठ्ठा. भिंत घातल्यापासून ते ह्या बाजूला आलेच नव्हते. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग धाकट्यांच्या मशीनकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. मास्तर उभेच राहिले. बायको बटणांचा डबा घेऊन कोपऱ्यात सरकली.

"चारशे पानांची कादंबरी," थोरले म्हणाले, "आणि मला चाळिसाव्या पानावर मारलंस?"

इतक्या वर्षांनी भाऊ पहिल्यांदा बोलला तो हे.

"ते... विमावाल्याने सांगितलं होतं, दादा."

"आणि दाढ?"

"दंतवैद्याने."

"मला समुद्र बघितला तरी मळमळतं. तुला माहीत आहे. मला बेटावर कुणी नेलं?"

"भूगोलाच्या बाईंनी."

थोरल्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला. काढलेल्या धाग्यांची एक गुंडाळी त्यांनी नीट करून वर ठेवली होती.

"मग तू काय सांगितलंस?"

मास्तर म्हणाले, ते आत होतं. थोरले म्हणाले, वाचलं. मग बराच वेळ त्यांनी पानांचे कोपरे बोटाने सरळ केले. बायकोने नंतर वहिनींना सांगितलं की तेवढ्या वेळात मला वाटलं, आता हे दोघे मरेपर्यंत असेच बसणार.

"आतलं कुणाचंही उसवलेलं नाही," थोरले शेवटी म्हणाले. "मी बोललो होतो ते चूक होतं. कपाटातली दुपार मी विसरलो होतो. तू लिहिलंस तेव्हा आठवली."

एवढं ऐकून मास्तरांना रडू फुटलं. त्यांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले, दुसरं काही हाताशी नव्हतं. थोरल्यांनी तिकडे बघितलं नाही. त्यांनी शेवटचं पान काढून पुढे धरलं आणि तक्रार केली, की इथे धाकटा थोरल्याच्या दारात जाऊन उभा राहतो आणि पान संपतं. थोरला काय बोलतो ते लिहिलेलंच नाही. ही कुठली पद्धत?

"तो काय बोलेल ते मला माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले.

थोरल्यांनी कानावरची पेन्सिल काढून धाकट्यापुढे केली. "लिही, मी सांगतो. थोरला म्हणाला, आत ये, वहिनीला तुझी आठवण येते."

मास्तरांनी पेन्सिल घेतली, पण लिहिलं नाही. "वहिनी मला रोज भेटते, दादा."

"बरं. मग लिही, दुकानाला आठवण येते."

"दुकानातच बसतो मी."

थोरल्यांनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. बायकोच्या हातून एक बटण खाली पडलं आणि ते कुणीच उचललं नाही.

"थोरल्याला येते," ते म्हणाले. "असं लिही. थोरल्याला आठवण येते."

मास्तरांनी पान मशीनवर ठेवून ते लिहिलं.